एकविसावी तार

१

नवस मी पुष्कळ बोलले आहे. मुलाच्या परीक्षेसाठी, ह्यांच्या गुडघ्यासाठी, एकदा तर शेजारणीचं मांजर घरी यावं म्हणूनसुद्धा. सगळे वेळच्या वेळी फेडले. एकच असा बोलले की तो फेडून संपत नाही, आणि संपावा असं मला वाटतही नाही.

तीन वर्षांपूर्वी माझी सून सायकलवरून पडली. डोंगराच्या उतारावर, तिसऱ्या वळणाला पुढचं चाक वाकलं आणि ती दगडी कठड्यावर आदळली. खांद्याचं हाड मोडलं, डोक्याला मार बसला, चार दिवस शुद्ध नव्हती. मुलगा तेव्हा बोटीवर, अर्ध्या जगापलीकडे. दवाखान्याच्या बाकावर मी एकटी होते. तिथे बसून म्हटलं, देवा, ही उठू दे. आणि उठून तिला पुन्हा सायकलवर बसावंसं वाटलं तर बसू दे. तिच्या चाकाची एकेक तार मी माझ्या हाताने कशीन आणि एकेका तारेवर तुझं नाव घेईन.

माझी जाऊ म्हणाली, "अगं, सायकल सुटू दे म्हणून बोलायचास ना नवस! हा कसला उफराटा?"

मी म्हटलं, "सायकल सुटली तर ती सून उरेल, भिंगरी उरणार नाही."

आम्ही तिला भिंगरीच म्हणतो. ती उठली. दहाव्या महिन्यात सायकलवर बसली. आणि मी ह्यांच्याकडून चाकाची आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायला शिकले.

ह्यांची उभी नोकरी लेथ मशीनवर गेली. केसाच्या जाडीचे दहा भाग करून त्यातला एक दाखवतील असे डोळे. त्यांनी मला मागच्या खोलीत खिडकीपाशी स्टँड बसवून दिला. त्यात चाक अडकवायचं, हळू फिरवायचं, आणि रिम डावीकडे झुकत असेल तिथे उजवीकडची तार कसायची. चावीने पाव फेरा, त्याहून जास्त कधी नाही. मी रोज सकाळी अकराला, घरचं आवरून, तिथे बसते. डोळे मिटते. ट्यूबचा व्हॉल्व्ह बोटाला लागला की तिथून सुरुवात. एक तार, एक नाव. बोटाने छेडायची, आवाज ऐकायचा, पुढे जायचं. पुन्हा व्हॉल्व्ह लागला की जप पुरा. जुन्या चाकाला बत्तीस तारा होत्या. माळ तरी याहून काय वेगळी असते?

"आई, झाला का तुमचा जप? चाक न्यायचंय," भिंगरी दारातून ओरडायची.

"थांब, अकरा नावं राहिलीत."

"राहू द्या की. उतारावर मी घेते. तिथे आपोआप निघतात तोंडातून."

२

गेल्या वर्षभरात तिने सायकलचं एकेक सगळं बदलत आणलं. आधी चेन, मग गिअरचा संच, मग ब्रेक. चाकं तेवढी राहिली होती. क्लबची मोठी राइड ठरली, त्याच डोंगरावर, त्याच उताराची, आणि तिने नवी चाकं आणली. म्हणजे नवी नव्हेत. कोणीतरी हौसेने बांधून घेतलेली, फारशी न वापरलेली. कोपऱ्यावरच्या चाकवाल्याकडे आली होती. काळी कुळकुळीत, उचलली तर हातात काही आहे की नाही कळू नये इतकी हलकी. पुढच्याला वीस तारा, मागच्याला चोवीस. तारा गोल नव्हे, पट्टीसारख्या चपट्या.

"बत्तिसावरून विसावर आणलंस मला," मी म्हटलं. "देवाला काय सांगू?"

"सांगा, नावं कमी झाली पण वेग वाढला."

पहिल्या दिवशी मी पुढचं चाक स्टँडला लावलं, डोळे मिटले, व्हॉल्व्हपासून निघाले. चपटी तार बोटाला थंड लागते. आवाजही निराळा, उंच, काचेच्या पेल्यावर नखाने मारावं तसा. तेरावी झाली. तिच्या पुढची जरा खालच्या सुरात वाजली, आणि कोमट लागली. ऊन पडलं असेल, म्हटलं. सूर खाली म्हणजे तार ढिली. नाव घेतलं, चावीने पाव फेरा कसली, पुढे सरकले.

व्हॉल्व्ह लागला तेव्हा माझ्या तोंडात एकविसावं नाव होतं.

डोळे उघडून मोजल्या. वीस. चुकलं असेल मोजायला. पासष्टीला आले मी. दोन वर्षं रोज हेच मोजत असले म्हणून काय झालं?

पण ऊन त्या दिवशी खिडकीत आलंच नव्हतं.

३

दुसऱ्या दिवशी पुन्हा एकवीस. तिसऱ्या दिवशी एकवीस. डोळे उघडले की वीस.

मी काही भोळसट बाई नाही. देव मानते याचा अर्थ मोजमाप मानत नाही असा नव्हे. चौथ्या दिवशी पांढरी लोकर घेतली, ह्यांच्यासमोर तिचे एकवीस तुकडे कापले आणि ह्यांच्याकडून मोजून घेतले. डोळे मिटून प्रत्येक तारेला एकेक तुकडा बांधत गेले. तेरावीनंतरच्या तारेला गाठ मारताना बोटाखाली काहीतरी हललं. थरथरलं म्हणा. बाकीच्या तारा तशा थरथरत नाहीत. मी गाठ पक्की केली.

मांडीवरचा शेवटचा तुकडा संपला तेव्हा व्हॉल्व्ह लागला.

डोळे उघडले. वीस तारा, वीस गाठी. मांडीवर काही नाही. जमिनीवर काही नाही.

"पडला असेल," हे म्हणाले. वाकून स्टँडखाली पाहिलं, चटई झटकली, माझ्या पदराचा घोळसुद्धा उलटा करून पाहिला. "वीसच कापले असशील."

"तुम्ही मोजलेत ना?"

"मोजले." चटई पुन्हा अंथरत म्हणाले, "माझंही वय झालंय हो."

ज्या माणसाने चाळीस वर्षांत वय झालं हा शब्द एकदाही काढला नाही, तो लोकरीच्या एका तुकड्यापायी वय कबूल करून मोकळा झाला. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

दुसऱ्या गोष्टीची त्याहून जास्त वाटली. चार दिवस मी त्या तारेवर नाव घेत होते. सवयीने, हात लागला की तोंडात येतं तसं. दारात आलेला कोण हे न विचारताच त्याला पाटावर बसवावं, तसं मी केलं होतं. आणि रोज पाव पाव फेरा कसून तिला आणखी घट्ट करून ठेवलं होतं.

४

चाक घेऊन मी चाकवाल्याकडे गेले. इस्त्रीच्या दुकानाशेजारी त्याची चिंचोळी खोली, छताला टांगलेली चाकंच चाकं. मी त्याला एवढंच म्हटलं, "ताण नीट आहे का बघ. रविवारी सून उतारावर नेणार आहे."

त्याने चाक फिरवलं. फिरताना ते फिरतंय असं वाटेचना, इतकं सरळ.

"काकू, हे बांधलं कोणी?"

"तूच दिलंस की."

"मी विकलं. बांधलं कोणी ते विचारतोय. असं सरळ चाक मी तरी पाहिलं नाही." मग ताण मोजायचं मीटर काढून एकेका तारेला लावत गेला. सुरुवातीला गुणगुणत होता. तेराव्या तारेपाशी गुणगुणणं थांबलं. मीटर काढून पुन्हा लावलं. चौदावीला लावलं. पुन्हा तेरावीला.

"काय झालं?"

"ह्या दोन ढिल्या आहेत. चांगल्याच ढिल्या. हिशेबाने रिम इथून बाहेर जायला हवी, गचका बसायला हवा."

"मग?"

"नाही ना गेली. केसभरही नाही." त्याने कान खाजवला. "रिम कडक असते हो या चाकांची. त्यामुळे असेल."

"आणि त्यामुळे नसेल तर?"

"तर इथे कोणीतरी ओढून धरलंय म्हणायचं," तो म्हणाला आणि हसला. मी हसले नाही. मग त्यानेही हसणं आवरलं, चाक माझ्या हातात दिलं आणि फडक्याला हात पुसत राहिला. हात काळे झालेलेच नव्हते.

घरी येताना मला सगळं स्वच्छ दिसत होतं. ते चाक वीस तारांवर उभं नव्हतं. एकविसावीने दोघींचं ओझं आपल्यावर घेतलं होतं. तिने उतारावर, वळणावर, मनात येईल तेव्हा हात सोडला, की चाक वाकणार.

५

शुक्रवारी भिंगरी स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसून मटार सोलत होती. मी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाही थट्टा केली नाही, म्हणून मी समजले की तिलाही काहीतरी माहीत आहे.

"बोल," मी म्हटलं.

"काही नाही हो."

"भिंगरे."

तिने शेंग खाली ठेवली. "चाक छान पळतं, आई. फारच छान. चढावर तर विचारू नका. फक्त उतारावर..." ती हात पुढे करून दाखवायला लागली. "उतारावर मी पायडल मारत नाही ना, तरी असं वाटतं, पुढून कोणीतरी ओढतंय. बोटाला धरून मूल नेतात तसं. ब्रेक दाबला की जरा वेळ ऐकत नाही. मग ऐकतं."

"मग जुनी चाकं लाव."

"नाही."

"का नाही?"

"जुन्या चाकावर गेले तर मी घाबरून गेले असं होईल. त्या तिसऱ्या वळणाला मी तीन वर्षं घाबरत्येय, आई. आता त्यात चाकाची भर नको." आणि मग माझ्याकडे न बघता, "तुम्ही तरी म्हणू नका जाऊ नको म्हणून. बाकी सगळे म्हणतात."

मला जाऊबाईंनी सुचवलेला नवस आठवला. खरं सांगते, त्या क्षणी माझ्या ओठांवर तेच आलं होतं. नको जाऊस. रडून, शपथ घालून मी तिला थांबवलं असतं. ती थांबलीही असती. आणि त्या तारेने पाडण्याआधीच माझी भिंगरी घरात बसली असती.

"जा," मी म्हटलं. "पण उद्याचा दिवस चाक माझ्याकडे."

"काय करणार आहात?"

"तिला कामावरून काढणार आहे."

भिंगरी हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "तुम्ही म्हणजे ना, भुतालाही नोटीस द्याल."

"भूत कोण म्हणालं? मी तार म्हणाले."

६

शनिवारी सकाळी स्टँडमागे पांढरा कागद लावला, म्हणजे रिमची कड स्वच्छ दिसते. ह्यांनी आपलं लेथवरचं डायल आणून रिमला टेकवलं. त्याचा काटा रिम किती सरकते ते सांगतो. हे डायलसमोर, मी चाकासमोर. कोण काय करणार ते ठरलेलं होतं. का, ते बोलायचं नाही हेही न बोलता ठरलं होतं.

आधी मी सरळ तिलाच सोडायला गेले. डोळे मिटून तेरावीनंतर बोट सरकवलं. होती. आज कोमट नाही, चांगली गरम. चावी लावून पाव फेरा ढिली केली.

"बाहेर," हे म्हणाले. "दोन घरं बाहेर. छान. आणि... आता आत का आली?"

"मी काही केलं नाही."

"आली ना पण."

पुन्हा सोडली. चावी माझ्या बोटांतच होती आणि बोटांतच ती उलटी फिरली. झटका नाही, हिसका नाही. हाताखाली काम करणाऱ्या नव्या बाईची चूक जुनीने न बोलता सुधारावी, तशी.

तेव्हा भीती गेली आणि मला राग आला. माझ्या घरात, माझ्या हातातली चावी!

"हे बघ," मी मोठ्याने म्हटलं. ह्यांनी मान वर केली नाही. "नाव मी दिलं ते चुकून दिलं. आता देत नाही. तुला सोडायचं नसेल तर सोडू नकोस. मी तुझ्यासाठी कामच ठेवत नाही."

आणि मी तिला हात लावायचं बंद केलं. तेरावी धरली, नाव घेतलं, पाव फेरा. चौदावी, नाव, पाव फेरा. मग बारावी, पंधरावी. मग समोरच्या बाजूच्या, तोल राहावा म्हणून. पुन्हा तेरावीपासून. दोघींनी उचलायचं ते ओझं दोघींना परत देत गेले, चिमूटभर चिमूटभर. मधून जाताना बोट नुसतं उचलून पुढे टाकायचं. तिथे नाव नाही. तोंड घट्ट मिटून.

तास गेला. ह्यांचा आवाज एकसुरी चालला होता. "आत. स्थिर. आत. बाहेर. स्थिर." मध्येच कुठूनतरी एक सूर यायला लागला, छेडल्याशिवाय. पहिल्यांदा काचेसारखा, मग खाली, मग आणखी खाली, कोणी दात आवळून श्वास घेतंय असा. मी स्वतःला समजावलं, ताण बदलला की तारा एकमेकींत अशा कुरकुरतात. हे खरंही आहे. तारा कुरकुरतात. पण कुरकुरताना थांबून पुन्हा दम घेत नाहीत.

"चाक फिरवू नकोस," हे एकदम म्हणाले.

"मी कुठे फिरवतेय?"

"मग काटा का नाचतोय?"

तेव्हा मी डोळे उघडले. उघडायचे नव्हते.

खिडकीतलं ऊन चाकावरून मागच्या कागदावर पडलं होतं. वीस बारीक सावल्या, सरळ. तेरावी आणि चौदावीच्या मध्ये काही नव्हतं. पण रिमच्या सावलीच्या आतल्या कडेवर, बरोबर तिथेच, चार टपोऱ्या टोकांची सावली होती. शेजारी शेजारी. कठड्याला लटकलेल्या माणसाची वरून नुसती बोटं दिसावीत, तशी.

इतके दिवस वाटत होतं की ती चाक धरून ठेवतेय. चाकाला धरून ठेवलं होतं, की चाकाला धरून राहिली होती?

कोण असशील गं बाई, की बाबा, असं आलंच मनात. तोंडात नावही आलं, अगदी दातांपर्यंत. एका नावाने काय जातं?

पण माझ्या सुनेचं जात होतं.

"सोड," मी म्हटलं. "तुला जिथे जायचं तिथे जा. हिच्या चाकावरून नाही." आणि डोळे उघडे ठेवूनच तेरावी पाव फेरा कसली.

चार बोटं होती. मग तीन. मग ह्यांनी ओरडून डायलवरून हात काढला, "गेली! अर्ध्या मिलिमीटरने गेली बाहेर!" आणि मी त्यांच्याकडे पाहिलं. पुन्हा कागदाकडे पाहिलं तेव्हा तिथे सावल्या वीसच होत्या आणि चाक वाकडं होतं. प्रामाणिकपणे वाकडं, बत्तीस तारांचं असायचं तसं. मला इतकं बरं वाटलं की मी चाकाचा मुका घ्यायची बाकी होते.

संध्याकाळपर्यंत मी त्याची आऊट काढली. डोळे मिटून मोजलं. वीस.

हे मोरीत जाऊन दोनदा हात धुवून आले. मी विचारलं, "सावली पाहिलीत?"

"मी डायल बघत होतो," ते म्हणाले. फारच चटकन म्हणाले.

७

रविवारी भिंगरी दुपारी परत आली. हेल्मेट काढताना केस कपाळाला चिकटलेले, चेहरा धुळीने माखलेला, आणि मधून दात पांढरेशुभ्र.

"कशी झाली?"

"जड," ती म्हणाली. "उतारावर ओढायला कोणी नव्हतं. सगळं आपलं आपणच करावं लागलं. तिसऱ्या वळणाला मी थांबलेसुद्धा. कठड्यावर बसून पाणी प्यायले." मग माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "घामाचा वास येतोय ना? येऊ द्या."

मी तिला धरून उभी राहिले. नवस बोलताना मी एवढंच मागितलं होतं.

सोमवारी अकराला मी मागचं चाक स्टँडला लावलं. चोवीस तारांचं. डोळे मिटले, व्हॉल्व्हपासून निघाले. एक तार, एक नाव. चोविसावी झाली. बोट पुढे केलं, व्हॉल्व्ह लागेल म्हणून. व्हॉल्व्ह अजून आला नव्हता. बोटाच्या पुढे, न शिवताच, कोमट काहीतरी होतं.

मी बोट मागे घेतलं. तोंड मिटलं. "तू आलीस होय," एवढं मनातल्या मनात म्हटलं आणि चोविसावी, नाव घेऊन, पाव फेरा कसली. मग व्हॉल्व्हपलीकडची पहिली. ह्यांना हाक मारली, म्हटलं, डायल घेऊन या. ते नुसता चष्मा लावून आले आणि समोर बसले.

बसू दे त्या तारेला चाकं बदलत. मला रोज अकरापासून वेळच वेळ आहे, आणि भिंगरी पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहे.

म्हणून तुम्हालाही सांगते. तुमचं कोणी दोन चाकांवर बसून बाहेर जात असेल, तर त्याला जाऊ नको म्हणू नका. तो जायच्या आधी एकदा, भर उजेडात, त्याचं चाक जवळ घ्या, डोळे मिटा आणि व्हॉल्व्हपासून व्हॉल्व्हपर्यंत सावकाश मोजा. प्रत्येक तारेवर तुमच्या देवाचं नाव घ्या. आणि एखादी जास्त भरली, तर घाबरून हात काढू नका. तिच्यावर मात्र नाव घेऊ नका, कितीही आलं तरी. तिच्या शेजारच्या दोघी धरा आणि कसा. पाव फेरा. मग पुन्हा पाव फेरा. कराल ना एवढं?